श्रद्धा, शंका आणि संकेतस्थळे

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण वारंवार ऐकतो. बाजारभाव, परीक्षेचा निकाल, गाडीचे वेळापत्रक, सारे काही हातातल्या फोनवर पाहता येते. मग ज्याला आपला धर्म नीट समजून घ्यावयाचा आहे, त्याला या जाळ्यातून काय मिळेल? प्रस्तुत लेखात मी कॅथलिक पंथापुरता या प्रश्नाचा विचार करणार आहे. मी स्वतः त्या पंथाची आहे. तथापि पुढे जी कसोटी सांगणार आहे ती कोणत्याही धर्माच्या अभ्यासकाला उपयोगी पडावी.

आमच्या घरांतून धर्म चालत आला तो पाठांतराने. संध्याकाळी जपमाळ, रविवारी मिस्सा, ठरलेल्या दिवशी उपवास. जुन्या पिढीला प्रार्थना मुखोद्गत असत. त्यांचा अर्थ सांगण्याची वेळ तिच्यावर सहसा येत नसे, कारण आजूबाजूचे सारे तेच म्हणत. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेली माझ्यासारखी मुलगी मात्र निरनिराळ्या धर्मांच्या, आणि कोणताच धर्म न मानणाऱ्याही, मित्रमैत्रिणींमध्ये बसते. ‘देव सर्वत्र आहे ना? मग त्यालाच थेट सांगावे. धर्मगुरूपुढे जाऊन पापे कशाला सांगायची?’ असे कोणी सरळ मनाने विचारले, तर ‘आमच्यात तशी रीत आहे’ एवढ्या उत्तराने भागत नाही. पूर्वी उत्तर शोधायचे तर धर्मगुरूंना सवड हवी, नाहीतर एखाद्या सेमिनरीच्या ग्रंथालयापर्यंत आपली पोहोच हवी. आज ते ग्रंथालय बऱ्याच अंशी सर्वांना खुले झाले आहे. हा बदल लहानसहान नव्हे.

या ग्रंथालयाचा मुख्य दरवाजा म्हणजे व्हॅटिकनचे अधिकृत संकेतस्थळ. ते १९९५ च्या नाताळात सुरू झाले. त्याच्या संगणकांना राफाएल, मिखाएल आणि गाब्रिएल या महादूतांची नावे दिली होती, ही त्यातली एक गंमत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे (१९६२-६५) सोळाही दस्तऐवज, पोपमहोदयांची परिपत्रके, १९८३ ची धर्मनियमसंहिता आणि ‘कॅटेकिझम’ हा श्रद्धाशिक्षणाचा ग्रंथ तेथे विनामूल्य वाचावयास मिळतो. या शेवटच्या ग्रंथाला पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली मान्यता दिली. त्यात क्रमांक घातलेले २,८६५ परिच्छेद असून त्यांचे चार भाग केले आहेत : श्रद्धेची तत्त्वे, संस्कार, आचरण आणि प्रार्थना. एवढा मोठा ग्रंथ पाहून छाती दडपली, तर २००५ साली निघालेला त्याचा संक्षेप वाचावा. त्यात ५९८ प्रश्न व त्यांची आटोपशीर उत्तरे आहेत.

हे साहित्य कसे वापरावे, हे पाहण्यासाठी वरचाच प्रश्न घेऊ. पापनिवेदनाच्या संस्काराचे विवेचन कॅटेकिझमच्या १४२२ ते १४९८ या परिच्छेदांत आहे. त्यातला १४४१ वा परिच्छेद वाचून मी चकित झाले. पापांची क्षमा करणारा एकटा देवच, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे! म्हणजे विचारणाऱ्याचे अर्धे म्हणणे ख्रिस्तसभेला मान्यच आहे. मग धर्मगुरूची गरज काय? त्यासाठी हाच परिच्छेद आपल्याला योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाकडे पाठवतो. पुनरुत्थित येशू आपल्या शिष्यांना पापक्षमेचा अधिकार देतो, तो हा प्रसंग. तेव्हा धर्मगुरू स्वतःच्या पदरचे काही देत नाही. त्याच्याकडे सोपविलेले काम तो करतो. शिवाय पाप ही देव आणि माणूस यांच्यातलीच खाजगी बाब नव्हे. त्याने सबंध समुदायाला इजा होते, म्हणून समेटही देवाशी आणि समुदायाशी असा दुहेरी व्हावा लागतो. पुढे १४६७ व्या परिच्छेदात धर्मगुरूवरील गुप्ततेचे बंधन सांगितले आहे, आणि तेच बंधन धर्मनियमसंहितेच्या ९८३ व्या कलमात कायद्याच्या भाषेत सापडते. एका शंकेपायी तीन मूळ ग्रंथ चाळून झाले! या उत्तराने विचारणारा कॅथलिक होईल असे नाही, आणि तसा हेतूही नाही. परंतु रीतीमागचा विचार त्याला कळतो, आणि त्याआधी तो मलाही कळतो.

अर्थात श्रद्धा केवळ वाचनाने खोल होत नाही. तिला प्रार्थनेची जोड हवी. त्यासाठीही चांगल्या सोयी आहेत. आयर्लंडच्या जेज्विट धर्मगुरूंनी १९९९ पासून ‘सेक्रेड स्पेस’ हे संकेतस्थळ चालविले आहे. त्यावर रोजच्या छोट्या प्रार्थनेच्या पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात. ब्रिटनच्या जेज्विटांचे ‘प्रे ॲज यू गो’ २००६ साली सुरू झाले. थोडे संगीत, बायबलमधील एक उतारा आणि मनाला विचारायचे दोन-तीन प्रश्न, असे ते ध्वनिमुद्रण असते. लोकलच्या प्रवासात कानाला लावून ऐकण्याजोगे. अमेरिकेतील फादर माइक श्मिट्झ यांनी १ जानेवारी २०२१ पासून ‘बायबल इन अ इयर’ ही श्राव्य मालिका सादर केली. तिचे ३६५ भाग आहेत, आणि वर्षाच्या कोणत्याही दिवशी पहिल्या भागापासून आरंभ करता येतो. रोजच्या मिस्सेत कोणती वाचने येणार हे पाहण्यासाठी ‘युनिव्हर्सालिस’ आहे. आमच्या उपासनेचे हे एक प्रकारचे पंचांगच म्हणा ना! मात्र त्यात भारताचे पंचांग निवडावे. ३ जुलैचा संत थॉमस यांचा सण आपल्याकडे इतर देशांहून मोठा मानला जातो, हे परक्या पंचांगावरून समजत नाही.

येथवर गुणगान झाले. आता कसोटीकडे वळू. छापील धर्मग्रंथाच्या आरंभीच्या पानावर बिशपांच्या अनुमतीची नोंद असते; ती पाहून वाचक निर्धास्त होतो. संकेतस्थळावर तशी नोंद सहसा नसते. योग्य धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवाचून कोणत्याही उपक्रमाने ‘कॅथलिक’ हे नाव लावू नये, असे धर्मनियमसंहितेचे २१६ वे कलम सांगते. पण या जाळ्यावर कोणाला कोण अडविणार? म्हणून वाचण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कशासाठी लिहिले?

‘केव्हा’ या प्रश्नाचे महत्त्व दोन उदाहरणांनी पटेल. ‘न्यू ॲडव्हेंट’ या संकेतस्थळावर संत ऑगस्टिन, संत थॉमस अक्विनास यांचे ग्रंथ आणि एक भलामोठा कॅथलिक ज्ञानकोश आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो ज्ञानकोश म्हणजे पर्वणीच. परंतु त्याचे खंड १९०७ ते १९१२ या काळात निघाले आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत आणि इतर धर्मांकडे पाहण्याच्या दृष्टीत जो पालट केला, तो त्यात कोठून असणार? दुसरे उदाहरण कॅटेकिझमचेच. देहदंडाविषयीचा २२६७ वा परिच्छेद पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली बदलला आणि ती शिक्षा अग्राह्य ठरविली. कपाटातल्या जुन्या प्रतीत हा बदल आढळणार नाही.

‘कशासाठी’ हा प्रश्न तर रोजच लागतो. ‘ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल’ असे निरोप आपणा सर्वांच्या फोनवर येतात. निव्वळ बाह्य कृतीत फळ आहे असे मानणे ही अंधश्रद्धाच, असे कॅटेकिझमचा २१११ वा परिच्छेद बजावतो. तो निरोप पुढे न पाठविणे हे श्रद्धेचेच काम आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांना समजावताना मला या परिच्छेदाचा मोठा आधार वाटतो.

या साधनांना मर्यादाही आहे. २०११ साली पापनिवेदनाच्या तयारीसाठी फोनवरचे एक ॲप निघाले. त्याला एका अमेरिकन बिशपांची अनुमतीही होती. परंतु प्रत्यक्ष पापनिवेदन फोनवर होऊ शकत नाही, असा खुलासा व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना लागलीच करावा लागला. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, ही भूमिका व्हॅटिकनने २००२ मध्येच मांडली होती. २०२० च्या साथीत चर्चेस बंद होती. २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस यांनी रिकाम्या, पावसात भिजलेल्या चौकात केलेली प्रार्थना जगाने पडद्यावर पाहिली. तिने धीर दिला, यात संशय नाही. पण पडद्यावरची मिस्सा पाहून ख्रिस्तशरीर ग्रहण करता येत नाही, हेही त्याच काळात सर्वांना कळून चुकले. ख्रिस्तशरीराशी निगडित चमत्कारांची माहिती संगणकावर मांडणारा इटालीतील कार्लो अकुटिस २००६ साली पंधराव्या वर्षी वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संतपद मिळाले. हा संगणकवेडा मुलगा रोज मिस्सेला जात असे, हे विसरून चालणार नाही.

आता एक सल सांगितल्याविना राहवत नाही. वर सांगितलेले बहुतेक साहित्य आम्ही वाचतो ते इंग्रजीत. वास्तविक आपली परंपरा याहून निराळी आहे. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथल्या भाविकांसाठी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्याची मंगळूरला १९०७ मध्ये निघालेली आवृत्ती आज इंटरनेट अर्काईव्हवर पाहता येते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. परदेशातून आलेल्या धर्मगुरूला जे साधले, ते येथे जन्मलेल्या आम्हा शिकलेल्यांना साधू नये काय? नाहीतर मुलांचा धर्म इंग्रजीत आणि आईवडिलांचा मराठीत, अशी एकाच घराची वाटणी होईल.

यावर उपाय अवघड नाही. दर आठवड्याला एक परिच्छेद वाचावा, अडले तेथे आपल्या धर्मगुरूंना विचारावे, आणि समजले ते जपमाळेनंतर घरच्यांना आपल्या बोलीत सांगावे. ज्यांनी प्रार्थना शिकविल्या त्यांना अर्थ सांगणे, एवढी परतफेड आपल्या शिक्षणाने करावयास काय हरकत आहे?