न पाहिलेल्या नाटकाचा निवाडा

एखादें नाटक त्याज्य ठरविण्यापूर्वीं तें पाहावें, निदान वाचावें, ही अपेक्षा कोणासहि वाजवी वाटेल. परंतु अमेरिकेंतील ‘हेअर’, म्हणजे ‘केस’, या संगीत नाटकास एका शहरीं एवढाहि न्याय मिळाला नाहीं. त्याची हकीकत वाचकांनीं जाणून घेण्यासारखी आहे.

जेरोम रॅग्नी व जेम्स रॅडो या दोन नटांनीं हें नाटक लिहिलें, आणि गॉल्ट मॅक्डर्मट यांनीं त्यास रॉक संगीताचा साज चढविला. १७ ऑक्टोबर १९६७ रोजीं न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरांत त्याचा प्रथम प्रयोग झाला. पुढें २९ एप्रिल १९६८ रोजीं तें ब्रॉडवेवर आलें व १९७२ पर्यंत तेथें त्याचे १,७५० प्रयोग झाले. त्या काळीं व्हिएतनामच्या युद्धासाठीं तरुणांस सक्तीनें सैन्यांत घेत असत. सरकारी हुकूम मानावा, कीं लांब केस राखणाऱ्या मित्रांप्रमाणें तो झुगारावा, या पेचांत नायक क्लॉड सांपडतो. अखेरीस तो युद्धावर जातो व मरतो. विषय गंभीर खरा. परंतु अपशब्द, मादक पदार्थांचें सेवन आणि पहिल्या अंकाच्या शेवटीं मंद प्रकाशांत कांहीं नटनटींचें विवस्त्र उभें राहणें, यांमुळें मोठी ओरड झाली. हें सर्वांस रुचण्यासारखें नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे.

इंग्लंडांत १७३७ पासून लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारच्या अधिकाऱ्याच्या परवान्यावांचून नवें नाटक रंगभूमीवर येत नसे. नव्या कायद्यानें हा अधिकार २६ सप्टेंबर १९६८ रोजीं संपला, आणि दुसऱ्याच दिवशीं लंडनमध्यें ‘हेअर’चा पडदा वर गेला.

अमेरिकेंतील चॅटनूगा शहरीं मात्र निराळें घडलें. तेथील नगराच्या नाट्यगृह-मंडळानें १९७१ मध्यें, प्रयोग न पाहतां व संहिता न वाचतां, केवळ ऐकीव माहितीवरून जागा नाकारली. वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. १८ मार्च १९७५ च्या निकालांत न्यायालयानें नाटक अश्लील आहे कीं नाहीं, या प्रश्नास हातच घातला नाहीं; मंडळाची रीत तेवढी घटनाविरुद्ध ठरविली. बंदी घालूं पाहणाऱ्यानेंच तिचें कारण सिद्ध करावें, आणि न्यायालयाकडून त्याचा सत्वर निर्णय व्हावा, हें त्या निकालाचें सार.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत अशीच एक कथा आहे. आपला पराभव रंगभूमीवर पाहून दैत्य संतापले, आणि विघ्नांकरवीं त्यांनीं नटांची वाणी व स्मृति स्तंभित केली. तेव्हां ब्रह्मदेवानें प्रथम सामोपचार योजिला, त्यांचें गाऱ्हाणें ऐकिलें आणि नाट्याचा हेतु त्यांस समजावून सांगितला. तात्पर्य, दैत्यांनींहि प्रयोग पाहिला होता, मगच त्यांचा कोप झाला!

आपल्या मुलाबाळांनीं काय पाहावें, हें ठरविण्याचा हक्क प्रत्येक गृहस्थास आहेच. परंतु सर्व नगराच्या डोळ्यांपुढें पडदा ओढूं पाहणाऱ्यानें प्रथम आपले डोळे उघडावे, हें उत्तम.