नंबरवहीतील माणसांची संमती

बोरिवली-मुलुंडच्या एखाद्या गृहस्थाने नवे ॲप मोबाइलवर उतरवून घेतले, की पहिल्या दोन-चार प्रश्नांतच संपर्कयादी वाचण्याची परवानगी मागितली जाते, आणि लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्याच 'अनुमती द्या' या शब्दांवर बोट टेकवून तो मोकळा होतो. त्या यादीत नुसते आकडे असते तर फारसे बिघडले नसते. परंतु 'शुगरचे डॉक्टर, घाटकोपर', 'जागेच्या दाव्याचे वकील', 'मावशी, अंधेरी', 'पतपेढी वसुली' अशा ज्या नावांनी आपण माणसे नोंदवून ठेवतो, त्यांतूनच आपले आजार, आपल्या फिर्यादी, आपले आप्त आणि आपली देणी यांचे इत्थंभूत दप्तर सिद्ध झालेले असते. आणि त्यात ज्यांची नोंद आहे, त्यांपैकी एकालाही या व्यवहाराची वार्ता नसते.

खाजगीपणा ही ज्याची त्याची बाब, असे आपण समजतो, आणि तेथेच आपली गफलत होते. फेसबुकने 2018 साली दिलेल्या आकड्यांनुसार केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे फेसबुकवरील माहिती गेल्याच्या प्रकरणातील प्रश्नावलीचे ॲप भारतात अवघ्या 335 जणांनी घेतले होते. मात्र हे ॲप घेतलेल्यांच्या मित्रयाद्यांच्या वाटेने भारतातील ज्यांची माहिती बाहेर गेली असावी, त्यांची संख्या 5 लाख 62 हजारांवर गेली.

समाजमाध्यमे मोबाइलमधील संपर्कयादी ओळखी जुळवण्यासाठी आणि जाहिरातींसाठी वापरतात. कर्ज देणाऱ्या ॲपांनी तिचे तारणच केले. मालाडमध्ये मे 2022 मध्ये एका रहिवाशाने आत्महत्या केली, ती अशाच ॲपच्या वसुलीवाल्यांनी त्याची विकृत केलेली छायाचित्रे परिचितांना धाडल्यानंतर. चार माणसांत होणाऱ्या नामुष्कीचे भय हेच जेथे वसुलीचे हत्यार होते, तेथे आपल्या नंबरवहीतील प्रत्येक माणूस नकळत त्या जुलमात ओढला जातो, याचा मला अतिशय संताप येतो. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपांना संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फाइली यांना हात लावण्यास मनाई केली.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. पुढे मुंबईचे न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या माहिती-संरक्षणविषयक समितीचा अहवाल आला, आणि 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातील एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते : दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने ती दिली, तरी सल्ल्यासाठी तिची गरज नसल्यामुळे ती संमती तेवढ्यापुरती ग्राह्य नाही. संमती मागणारा मजकूर मराठीतही वाचता आला पाहिजे, अशीही तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले असले, तरी संमतीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाची आहेत. तूर्त मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'परवानग्या' उघडल्या, की संपर्क कोणकोणत्या ॲपला खुले आहेत हे दिसते, आणि दिलेली परवानगी तेथेच काढून घेता येते. आधी नेलेली यादी पुसण्याची मागणी मात्र त्या त्या कंपनीकडे वेगळी करावी लागते.