दगड आणि वचन : रूढींकडे पाहण्याची एक दृष्टी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीतील शिक्षकांनी आम्हा विद्यार्थ्यांना एक चांगली सवय लावली होती. एखादी गोष्ट पूर्वापार चालत आली एवढ्यावरून ती स्वीकारावयाची नाही, आणि तेवढ्यावरूनच ती टाकूनही द्यावयाची नाही. तिच्या पोटात काय आहे हे आधी पाहावयाचे. आजच्या विवेचनात मी हीच सवय आपल्या भागातील लोकजीवनाला लावून पाहणार आहे. त्यासाठी मला आपणांस थोडे दूरच्या मुलखात न्यावे लागेल. पण परत यावयाचे आहे ते जाम नदीच्या काठीच.

प्रथम आपल्या घराकडे पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तेव्हाच्या मध्यप्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा आपला मुलूख छिंदवाड्याबरोबर मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही मध्यप्रदेशातच. कचेरीची भाषा हिंदी झाली, पाट्या बदलल्या, अर्जांचे मायने बदलले. मात्र स्वयंपाकघरातील आणि गोठ्यातील पंचांग बदलले नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळले जातात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण दिले जाते. पोळ्याला दारी पळसाच्या फांद्या येतात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, पुढे भुलाबाईची गाणी होतात. जामसावळीच्या निजलेल्या हनुमंताला नवस बोलणारा माणूस मराठीत बोलतो की हिंदीत, हे त्या हनुमंताने कधी विचारलेले नाही. गावकुसाबाहेर गोंड बांधवांची मेघनाथाची जत्रा भरते, तिला कुणबी, माळी, तेली, भोयर-पवार सारेच जातात. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातील बैल कमी झाले. तरीही ज्याच्या घरी बैल नाही, तो मातीच्या किंवा लाकडाच्या बैलाला ओवाळतो. सीमारेषा नकाशावर ओढली जाते. रोजच्या जगण्याला ती ओलांडावयास वेळ लागत नाही.

हा अनुभव केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. मदर तेरेसा हे नाव येथील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्यांचे कार्य मुख्यतः कोलकात्यात झाले, पण त्यांचा जन्म १९१० मध्ये स्कोप्ये या शहरी, एका अल्बेनियन कुटुंबात झाला. हे स्कोप्ये अल्बेनियात नाही. आज ते उत्तर मॅसिडोनिया या देशाची राजधानी आहे. अल्बेनियाने २८ नोव्हेंबर १९१२ रोजी तुर्की साम्राज्यापासून स्वातंत्र्य पुकारले आणि १९१३ मध्ये लंडनला जमलेल्या बड्या राष्ट्रांच्या राजदूतांनी त्याच्या सीमा ठरविल्या. कोसोवोसारखा बहुसंख्य अल्बेनियन वस्तीचा प्रदेश त्या सीमेबाहेर राहिला. अल्बेनियाची लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेनुसार सुमारे २४ लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या जिल्ह्याएवढी. आणि तीच भाषा बोलणारे लाखो लोक सीमेपलीकडे. आपणांस हे चित्र अनोळखी वाटू नये.

या लोकांनी स्वतःला एक कसे ठेवले? पहिले साधन भाषा. अल्बेनियन ही इंडो-युरोपीय कुळातील असली तरी आपल्या शाखेत एकटीच आहे. तिला सख्खी बहीण नाही. तिच्यातील पहिले ज्ञात छापील पुस्तक १५५५ मधील. पुढे कोणी अरबी, कोणी ग्रीक, तर कोणी रोमन लिपीत लिहीत असे. १९०८ मध्ये मोनास्तिर येथील परिषदेत रोमन अक्षरांवर आधारलेल्या वर्णमालेची दिशा निश्चित झाली. मुसलमान, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक असे तीन पंथ ज्या समाजात आहेत, त्याने धर्मापेक्षा भाषेला अधिक जवळचे मानावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गंमत अशी, की तुर्कांच्या दीर्घ सत्तेमुळे दुकान, साबण, बाजार या आपल्या ओळखीच्या शब्दांची भावंडे त्यांच्याही बोलीत नांदत आहेत.

दुसरे साधन म्हणजे रोजची रीतभात. संध्याकाळ झाली की गावातील लहानथोर मंडळी मुख्य रस्त्यावर पायी फेरफटका मारतात. ओळखीपाळखी होतात, सोयरिकीही जुळतात. पाहुणा आला की कॉफी ठेवल्यावाचून बोलणे सुरू होत नाही. होकार देताना कित्येक जण मान आडवी हलवतात, त्यामुळे परका माणूस बुचकळ्यात पडतो. दक्षिणेत अनेक आवाजांनी एकत्र गावयाची गाणी आहेत, त्यांची नोंद युनेस्कोने २००८ मध्ये मानवजातीच्या वारशात केली. उत्तरेतील डोंगराळ भागातील स्त्रिया जुबलेता नावाचा घंटेच्या आकाराचा लोकरी घागरा हाताने विणत. ती कला विस्मरणात जाऊ लागल्याने २०२२ मध्ये युनेस्कोला तिच्या तातडीच्या रक्षणासाठी यादीत घ्यावे लागले.

आणि तिसरे साधन, ज्यासाठी मी हा सारा पल्ला गाठला, ते म्हणजे उत्तर अल्बेनियातील डोंगरी लोकांचा अलिखित आचारधर्म. त्याला ते ‘कानून’ म्हणतात. हिंदीतून आपल्या कानावर रोज पडणारा आणि मूळ ग्रीक भाषेतून फिरत आलेला, तोच हा शब्द. लेक दुकाजिनी या मध्ययुगीन सरदाराच्या नावाने ओळखली जाणारी ही संहिता पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होती. श्तयेफेन जेचोव्ह या फ्रान्सिस्कन पाद्रीने ती गोळा केली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये ती ग्रंथरूपाने निघाली.

या संहितेचा कळस म्हणजे ‘बेसा’. बेसा म्हणजे दिलेले वचन. घराचा उंबरठा ओलांडून आलेल्या पाहुण्याचे रक्षण हे यजमानाचे सर्वोच्च कर्तव्य. तो शत्रू असला तरी. आपल्याकडील ‘अतिथिदेवो भव’ या वचनाला तेथे प्राण देण्याघेण्याचे वजन आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ताबा घेतलेल्या अल्बेनियात अनेक कुटुंबांनी, त्यांत बहुसंख्य मुसलमान, ज्यू लोकांना आपल्या घरी लपविले. युद्ध संपले तेव्हा तेथील ज्यूंची संख्या युद्धापूर्वीपेक्षा अधिक होती. युरोपात असे फारच थोड्या ठिकाणी घडले.

पण त्याच संहितेचा दुसरा चेहरा भयानक आहे. खुनाचा बदला खुनाने घेणे हे तिने कुटुंबाचे कर्तव्य ठरविले. वैर बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने येई. ज्या घरावर रक्ताचे ऋण असे, त्या घरातील पुरुष वर्षानुवर्षे दाराबाहेर पडत नसत. शेत पडीक राही, मुलगे शाळेला मुकत. एकाच रूढीच्या पोटात पाहुण्यासाठी प्राण देणारे वचन आणि शेजाऱ्याचा प्राण घेणारे वैर, अशी दोन्ही होती.

हे वैर मोडावे कसे? १९४४ नंतर आलेल्या एन्वर होजांच्या साम्यवादी राजवटीने दंडुक्याचा मार्ग धरला. १९६७ मध्ये तिने धर्माचरणावरही बंदी घातली, जुन्या चालीरीती मोडून काढल्या आणि सूडाचे खून कठोरपणे दडपले. वरवर पाहता रोग बरा झाला होता. १९९१ च्या सुमारास ती राजवट कोसळली आणि उत्तरेतील डोंगरांत जुनी वैरे पुन्हा डोके वर काढू लागली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सक्तीने रूढी मेली नव्हती, केवळ दडून बसली होती.

सीमेपलीकडील कोसोवोत याच काळात निराळी गोष्ट घडली. १९९० मध्ये काही तरुण-तरुणी, त्यांत राजकीय कारणांसाठी तुरुंगवास भोगून आलेल्या मुलीही होत्या, गावोगाव फिरून वैर असलेल्या घरांची दारे ठोठावू लागल्या. त्यांच्या मागे आंतोन चेत्ता उभे राहिले. चेत्ता काही पुढारी नव्हते. ते प्रिश्तिना विद्यापीठातील साहित्याचे प्राध्यापक. लोककथा आणि लोकगीते गोळा करण्यात त्यांनी आयुष्य घालविले होते. हा सत्तरीचा म्हातारा ज्याच्या घरातील माणूस मारला गेला आहे त्याच्याच घरी जाऊन बसे आणि क्षमा मागे. तो रूढीची निंदा करीत नसे. तो म्हणे ते एवढेच, की ज्या परंपरेने तुम्हाला सूड शिकविला तिनेच वचन पाळावयास आणि क्षमा करावयासही शिकविले आहे. दोहोंपैकी थोर कोणते ते तुम्हीच ठरवा. १ मे १९९० रोजी वेरात ए लुकस येथील माळावर लाखोंचा समुदाय लोटला आणि सर्वांसमक्ष वैऱ्यांनी एकमेकांचे हात हाती घेतले. दोन-तीन वर्षांत एक हजाराच्या घरात वैरे मिटली.

आता परत आपल्या नदीवर येऊ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. गोटा म्हणजे दगड, हे आपणांस सांगावयास नको. नदीच्या मधोमध झेंडा लावलेले पळसाचे झाड रोवले जाते. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे; आणि ते झाड हस्तगत करण्यासाठी दिवसभर दगडांचा वर्षाव. अखेर झाड चंडीमातेच्या देवळात अर्पण होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि १९५५ पासून आजवर दहाहून अधिक जणांना यात प्राण गमवावे लागले आहेत. जमावबंदीचे आदेश निघतात, बंदोबस्त लागतो, डॉक्टरांची पथके काठावर बसतात. मागे प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू सोडून पुन्हा दगड उचलले.

मी स्वतः त्या काठावर वाढलो. माझी आजी सावरगावची लेक आणि पांढुर्ण्याची सून. एका वर्षी माझे काका कपाळ फुटून घरी आले. अंगणात पुरुषमंडळी मोठ्या अभिमानाने कोण किती पुढे गेला ते सांगत होती. आजीने जखमेत हळद दाबली आणि हलक्या आवाजात एवढेच विचारले, “कोनाचं पोट्टं होतं रे ते? आमच्या भावाचं तर नव्हे?” त्या प्रश्नाला अंगणातील कोणाजवळही उत्तर नव्हते. नदीच्या दोन्ही काठांवर रोटी-बेटीचा व्यवहार आहे. तेव्हा दगड कोणत्या काठावरून आला हे कळते, पण तो कोणाला लागला हे फक्त माहेर आणि सासर दोन्ही असलेल्या बाईलाच कळते.

गोटमारीची दंतकथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. एका काठावरून मुलीच्या आणि दुसऱ्या काठावरून मुलाच्या माणसांनी दगड मारले. दोघेही पात्रातच मरण पावली. येथपर्यंतची कथा सर्वांना पाठ असते. तिचा शेवट मात्र आपण घाईने उरकतो. दोन्ही गावांना आपल्या कृत्याची लाज वाटली, त्यांनी मिळून ते देह उचलले, चंडीमातेच्या देवळात नेले आणि पूजा केली. म्हणजे ही कथा विजयाची नाही, पश्चात्तापाची आहे. तिचे मर्म दगड मारण्यात नसून दगड खाली ठेवण्यात आहे. आपण कथेचा पूर्वार्ध दरवर्षी साजरा करतो आणि उत्तरार्ध एका झाडावर भागवतो.

रबरी चेंडूचा प्रयोग का फसला, याचे उत्तरही मला येथेच दिसते. वरून दिलेल्या चेंडूला लोकांच्या मनात काही अर्थच नव्हता. दगडाला आहे; त्यात श्रद्धा आहे, पूर्वजांचे स्मरण आहे, गावाची इरेसरी आहे. अर्थ असलेली वस्तू अर्थहीन वस्तूने काढून टाकता येत नाही. अधिक मोठ्या अर्थानेच ती दूर करता येते. होजांच्या दंडुक्याला जे साधले नाही ते एका लोककथांच्या प्राध्यापकाला साधले, कारण त्याने आपल्या लोकांना त्यांच्याच परंपरेतील वरचढ शब्द दाखविला.

तसा शब्द आपल्या परंपरेतही आहे. पोळ्याच्या दिवशी आपण मुक्या जनावराच्या खांद्यावरील घट्ट्यांना लोणी चोळतो. वर्षभर ज्याला आपण जोखडाला जुंपले, त्याच्याजवळ ऋण कबूल करतो. त्याच्याच दुसऱ्या दिवशी आपण भावाच्या मुलावर दगड उचलावा, ही विसंगती आपल्या आजीमायांना कळत होती. नदीच्या मधोमध तेच पळसाचे झाड रोवावे, दोन्ही काठांवरून दोन्ही गावांनी मिळून पात्रात उतरावे, मिळूनच ते उचलावे आणि चंडीमातेच्या देवळात न्यावे, तर त्या दंतकथेतील एक अक्षरही खोटे होणार नाही. उलट ती प्रथमच पूर्ण होईल.

हे काम कचेरीचे नाही. ते या शाळेतून शिकून गेलेल्यांचे आहे. नागपूर-भोपाळकडे नोकऱ्यांसाठी गेलेले माजी विद्यार्थी पोळ्याला गावी येतात, तेव्हा त्यांचा शब्द घरातील लहानांवर चालतो. त्यांनी दगडाची निंदा करीत बसू नये; कथेचा शेवट सांगावा. आज जन्मलेली मुले शाळेत हिंदी वाचतील, घरी मराठी बोलतील, उद्या कोठेही जातील. त्यांच्या हाती आपली संस्कृती म्हणून आपण काय देतो, दगड की वचन, हे ठरविण्याचा अधिकार अजून आपल्याकडे आहे.