‘हलू नको’ ते ‘हस बरं’ : स्टुडिओत जाणाऱ्या बाळाची तयारी

आमच्या घरात एक जुना फोटो आहे. वडिलांची थोरली बहीण, वय दीड-दोन वर्षांचे, अंगात काळे झबले, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचाच मुकुट. चेहरा जरा पुसट आला आहे, कारण ऐन वेळी ती हलली. फोटोच्या उजव्या कडेला लुगड्याच्या काठाची पट्टी दिसते आणि बाळाच्या पाठीमागे गेलेला बांगड्या भरलेला एक हात. तो माझ्या आजीचा. ही आत्या पुढच्याच वर्षी तापाने गेली. तिचा एवढा एकच फोटो. आजी तो हातात घेई तेव्हा एकच गोष्ट सांगे, “फोटोवाला ‘हलू नको, हलू नको’ म्हणून ओरडत होता, आणि पोर भेदरून गेली होती.” लेकीची उरलेली एकुलती एक खूण, आणि तिच्यात लेक घाबरलेली, ही खंत तिला शेवटपर्यंत होती.

त्या खंतीतून मनात दोन प्रश्न आले. लहान मुलाला कॅमेऱ्यासमोर एवढे दामटून बसवावे का लागत असे? आणि आता ती गरज उरलेली नसताना आपण आजही तेच का करतो?

काच ओली आहे तोवर

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली, तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. मोठ्या माणसालाही एवढा वेळ निश्चल बसणे जड जाई. पुढच्या काही वर्षांत चांगली भिंगे आणि जलद रसायने आली व ही वेळ मिनिटाच्या आत आली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची पद्धत मांडली. ती आपल्याकडेही लवकरच रुळली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू नारायण दाजी यांना या नव्या कलेची गोडी लागली होती.

या पद्धतीत काच रसायनात भिजवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या खोलीत नेऊन चित्र उमटवायचे. आपल्या उन्हाळ्यात तर काच अधिकच लवकर वाळे. त्यामुळे बाळ तयार आहे म्हणून फोटो, असे होऊच शकत नव्हते. काच तयार झाली की बाळाने तयार असलेच पाहिजे. त्यात स्टुडिओत छपराच्या काचेतून येणाऱ्या उजेडावरच काम चाले आणि बसणाऱ्याला काही सेकंद तरी स्तब्ध राहावे लागे. मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी आधार लावत. दीड वर्षाच्या मुलाला तो कसा लावणार?

पडद्याआडची आई

यावर युरोप-अमेरिकेतल्या फोटोग्राफरांनी काढलेला तोडगा विलक्षण होता. आईने खुर्चीवर बसायचे, तिच्या अंगावरून, पुष्कळदा तोंडावरूनही, चादर किंवा पडदा घालायचा आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवायचे. फोटोत दिसावे की बाळ एका आच्छादलेल्या आसनावर एकटेच बसले आहे. चौकटीची कड लावली की आईचा उरलासुरला भाग झाकला जाई. काही चित्रांत मात्र पडद्याखालून हात दिसतो, काहींत खांद्यांचा आकार. लिंडा फ्रेग्नी नागलर या कलावतीने अशी सुमारे हजार छायाचित्रे जमवली आणि २०१३ च्या व्हेनिस बिएनालेत मांडली. त्यांच्याविषयी वाचले तेव्हा मला आमच्या फोटोतली लुगड्याची पट्टी आठवली. आजीला कोणी झाकले नव्हते, फक्त चौकटीबाहेर सरकवले होते. पण हात तसाच होता.

मुलाची नजर खिळवण्यासाठी फोटोग्राफर पितळेचा खेळण्यातला पक्षी वापरत. नळीने हवा फुंकली की तो शीळ घाली. आपल्याकडे त्या पक्ष्याची चिमणी झाली. “इकडे बघ, इथून चिमणी उडणार!” हे वाक्य पितळी पक्षी गेल्यावरही कित्येक वर्षे टिकले.

पुढे कोरड्या काचा, मग फिल्म, मग विजेचे दिवे आले. आजच्या स्टुडिओतला झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा अल्पकाळ चमकतो. उडी मारणारे मूलही त्यात स्पष्ट येते. म्हणजे ‘हलू नको’ या आज्ञेमागचे कारण संपले आहे. आज्ञा मात्र संपलेली नाही.

मूल कोणाकडे पाहते?

स्टुडिओत मूल रडते ते हट्टामुळे, असे आपण धरून चालतो. बालमानसशास्त्र निराळे सांगते. साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान मुलाला परका चेहरा ओळखू येऊ लागतो आणि त्याची भीती वाटू लागते. वर्षाच्या आसपास ती जोरात असते. नेमक्या याच वयात आपण पहिल्या वाढदिवसाचा किंवा बोरन्हाणाचा फोटो काढायला निघतो. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, डोळ्यांवर दिवे, अंगावर टोचणारे कपडे, आणि आई चार हात लांब.

अशा वेळी मूल काय करते, हे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फार चांगले दिसते. एक वर्षाची मुले काचेच्या टेबलावर रांगत होती. काचेखाली मध्येच खोल पायरी असल्याचा भास होता आणि पलीकडे आई उभी होती. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ मुले ती पायरी ओलांडून आली. आईने भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आले नाही. पुढे जायचे की थांबायचे, हे मुलाने आईच्या तोंडावरून ठरवले.

स्टुडिओतही तेच घडते. आई घामाघूम होऊन “बघ ना रे, नीट बस ना” म्हणू लागली की मूल समजते, इथे काहीतरी बिघडले आहे. म्हणून पहिली तयारी बाळाची नव्हे, आपली.

हलव्याचे दागिने आणि इतर तयारी

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत बोरन्हाणाचे फोटो निघतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. काळ्या झबल्यावर पांढरा हलवा उठून दिसतो खरा, पण पाठीमागचा पडदाही काळा असेल तर झबले त्यात बुडून जाते आणि दागिने अधांतरी तरंगतात. पडदा फिका किंवा रंगीत मागावा.

हलव्याची खरी शोभा त्याच्या काट्यात, आणि मुलाचा खरा त्रासही त्यातच. हार व बाजूबंद मऊ सुती पट्टीवर शिवून घ्यावेत. दोरे ओढून पाहावेत. सुटलेला दाणा तोंडात जातो आणि लहानग्याच्या घशात अडकू शकतो. हे दागिने घातलेल्या बाळाजवळ एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवेच. ते फोटोत आले तर येऊ द्यावे.

दोन-तीन दिवस आधी घरीच थोडा वेळ झबले आणि हार घालून खेळू द्यावे. मुकुट सर्वांत शेवटी चढवावा, कारण तो दोन मिनिटांत निघणार हे ठरलेलेच. काजळ-तीटही शेवटी, नाहीतर डोळे चोळून गालभर पसरते.

वेळ मुहूर्त पाहून नव्हे, झोप पाहून ठरवावी. झोप आणि खाणे झाल्यानंतरचा तास उत्तम. स्टुडिओत गेल्या गेल्या बसवू नये. दहा मिनिटे खोलीभर हिंडू द्यावे, दिवा एकदा चमकवून दाखवावा, फोटोग्राफरकाकांनी आधी जमिनीवर बसून चेंडू लोळवावा. चार जणांनी चार बाजूंनी हाका मारू नयेत. हाक एकानेच मारावी, तीही कॅमेऱ्याच्या मागून.

“हस” म्हणू नये. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्येच दाखवले होते की खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि तो हुकमाने सहजी हलत नाही. सांगून हसलेले मूल दात दाखवते, एवढेच. त्यापेक्षा ‘बुवा कुक’ बरा.

“ऐकलं नाहीस तर काका पकडून नेतील” असे तर चुकूनही म्हणू नये. ज्या माणसाकडे पाहून मुलाने हसावे, त्याचीच धास्ती आपण घालतो. आणि मूल रडू लागले, दोनदा समजावूनही थांबले नाही, तर घरी यावे. पैसे बुडतील तर बुडोत, फोटो पुढच्या आठवड्यात निघेल. नाहीच निघाला, तरी बोरन्हाण झालेलेच असते.

मागच्या संक्रांतीला नातीला स्टुडिओत नेले, तेव्हा सुनेला मी नातीशेजारीच बसवले. फोटोग्राफर म्हणाला, “ताई, तुमचा हात येतोय फ्रेममध्ये.” मी म्हटले, “येऊ द्या.”