‘आज आहे, उद्या नाही’ म्हणे!

‘रेबेका’ १९३८ मध्ये आली तेव्हा प्रकाशकाने तिला प्रेमकथा म्हणून डोक्यावर घेतलं आणि समीक्षकांनी प्रेमकथा म्हणूनच झटकून टाकलं. लेखिकेचं म्हणणं वेगळंच होतं. ते ऐकायला लोकांना बरीच वर्षं लागली.

सिनेमा शुक्रवारी सकाळी येतो आणि दुपारपर्यंत आपण त्याला स्टार देऊन मोकळे होतो. पुस्तकांचंही आता तेच झालंय. कव्हरवर कुणा मोठ्या नावाने केलेलं कौतुक, ‘श्वास रोखून वाचाल’ छाप एखादी ओळ आणि पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू. एवढ्यावर आपण ठरवतो, घ्यायचं की नाही. पण हे पहिल्या आठवड्यातलं मत टिकतं किती? ते बघायचं असेल तर एक जुनी केस आहे आणि ती भारी आहे. रोमँटिक सस्पेन्स म्हटलं की आजही जिचं नाव पहिल्या दोन-तीनांत घेतलं जातं ती डॅफ्ने द्यू मॉरिएची ‘रेबेका’.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माँटे कार्लोच्या हॉटेलात एका श्रीमंत, बडबड्या बाईची सोबतीण म्हणून पगारावर असलेली एक बुजरी मुलगी. तिथे तिला भेटतो मॅक्सिम द विंटर. वयाने तिच्या दुप्पट, देखणा, गप्प गप्प, बायको समुद्रात बुडून गेलेली. थोड्याच दिवसांत लग्न होतं आणि ही मुलगी कॉर्नवॉलमधल्या मँडर्ली नावाच्या त्याच्या भल्यामोठ्या घरात येते. घर म्हणायला तिचं. पण लिहायचं टेबल पहिल्या बायकोचं, जेवणाचे बेत पहिल्या बायकोच्या आवडीचे, रुमालावर अक्षर पहिल्या बायकोचं. आणि घराचा कारभार बघणारी मिसेस डॅनव्हर्स हे तिला एक क्षणही विसरू देत नाही. गंमत म्हणजे सगळी गोष्ट ही दुसरी बायको सांगते, पण तिचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पुस्तकाला नाव मात्र मेलेल्या बाईचं!

हे लिहिणारी बाई तेव्हा तिशीत पोचत होती. १९३६ च्या ‘जमेका इन’ने तिचं नाव झालेलं होतं. नवरा लष्करात अधिकारी, त्याची नेमणूक इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला. तिथल्या उकाड्यात, तिला अजिबात न आवडणाऱ्या पार्ट्या आणि भेटीगाठींच्या मधे ती इंग्लंडमधलं धुकं, पाऊस आणि समुद्र आठवत लिहायला बसली. पहिले सुमारे १५ हजार शब्द तिने चक्क फाडून टाकले. पुन्हा सुरुवात केली आणि इंग्लंडला परतल्यावर झपाट्याने पुस्तक संपवलं. गोष्टीचं बी घरातलंच होतं. नवऱ्याचं आधी एका मुलीशी लग्न ठरलेलं होतं. त्या मुलीची जुनी पत्रं आणि त्याखालची ऐटबाज सही डॅफ्नेच्या डोक्यातून जाईना. नवऱ्याच्या मनात अजून तीच असेल का? हा प्रश्न घेऊन ती ४०० पानांपर्यंत गेली. म्हणूनच ती पुढे सांगत राहिली की ही मत्सराची गोष्ट आहे.

हस्तलिखित पाठवताना तिला स्वतःलाच धाकधूक होती. पुस्तक जरा उदासच झालंय, शेवट फार चटकन येतो आणि फार करडा आहे, अशा अर्थाचं तिने प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांना कळवलं होतं. तिकडे गोलान्झच्या ऑफिसातलं वातावरण एकदम उलट. संपादक नॉर्मन कॉलिन्स यांचा अभिप्राय असा, की वाचकांना हवं ते सगळं यात आहे! झालं. जाहिरातीची लाइन ठरली : नितांत सुंदर प्रेमकथा आणि जोडीला सस्पेन्सचं जबरदस्त वातावरण. आज आपण ज्याला ‘रोमँटिक सस्पेन्स’ म्हणतो, त्याचं लेबल असं छपाईच्या आधीच लागलं. पहिली आवृत्ती २० हजारांची निघाली. ऑगस्ट १९३८ मध्ये पुस्तक आलं आणि महिन्याभरात त्याच्या दुपटीहून जास्त खपलं.

समीक्षकांनी काय वाचलं?

लंडनच्या ‘टाइम्स’ने पुस्तक आल्या आल्याच निकाल दिला. सामग्री अगदी सामान्य दर्जाची आहे आणि स्वस्त कादंबरिकेच्या पलीकडे जाणारं यात काही नाही, अशा आशयाचा. ‘कादंबरिका’ हा त्या काळच्या इंग्लंडमध्ये साधा शब्द नव्हता, टोमणा होता. दुकानात किंवा घरकामाला असलेल्या मुली वाचतात त्या पातळ, प्रेमाच्या गोष्टी, असा त्याचा रोख. आपल्याकडे ‘प्रवासात वाचून सीटवर सोडून द्यायचं पुस्तक’ म्हणतात ना, साधारण तसं.

त्याहून मजेदार निघाले व्ही. एस. प्रिचेट. हे काही ऐरेगैरे नव्हते. कथाकार म्हणून आणि समीक्षक म्हणूनही पुढे इंग्रजीत त्यांचं नाव फार आदराने घेतलं गेलं. त्यांनी सप्टेंबर १९३८ मध्ये अमेरिकेच्या ‘ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’मध्ये भाकीत केलं की हे पुस्तक आज आहे, उद्या नाही.

पुढे काय झालं ते बघा. अमेरिकेतल्या पुस्तकविक्रेत्यांनी मतं देऊन १९३८ ची सगळ्यांत आवडती कादंबरी निवडली, ती ‘रेबेका’. १९६५ पर्यंत २८ लाखांहून जास्त प्रती खपल्या. २००३ मध्ये बीबीसीने ब्रिटनमध्ये लोकांच्या आवडत्या कादंबऱ्यांची मोठी पाहणी केली, त्यात ती १४ व्या नंबरवर होती. आणि छापायची कधी थांबलीच नाही.

आता इथे ‘बघा, समीक्षक कसे तोंडावर पडले’ असं म्हणून टाळ्या पिटता येतील. पण मला ते पटत नाही. कारण सामग्रीबद्दल ‘टाइम्स’ चूक नव्हता. गरीब, एकटी मुलगी, श्रीमंत, रागीट मालक, मोठं घर, आधीच्या बायकोचं गुपित आणि शेवटी आग. हे सगळं शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये १८४७ लाच होऊन गेलंय. शिवाय ‘रेबेका’त योगायोगही पुष्कळ. बरोबर हवी त्याच वेळी धुक्यात एक जहाज खडकावर आपटतं आणि त्यामुळे बुडालेली होडी सापडते. रहस्यकथा कोळून प्यालेल्या वाचकाच्या भुवया वर जातीलच.

चूक दुसरीकडे आहे. आम्हाला मास कॉमला परीक्षण लिहायला शिकवतात तेव्हा सांगतात, आधी हा प्रकार कुठला ते वाचकाला सांगा. बरोबर आहे, पण त्यातच गोची आहे. एकदा ‘प्रेमकथा’ असं ठरलं की मग आपण ती प्रेमकथा किती चांगली किंवा वाईट, एवढंच मोजत बसतो. जाहिरात लिहिणारा आणि झोडपणारा, दोघांनी एकच शब्द वापरला. पहिल्याला त्या शब्दात खप दिसला आणि दुसऱ्याला हलकेपणा. ही खरंच प्रेमकथा आहे का, हे त्या घाईत विचारायचं राहून गेलं.

इथून पुढे स्पॉयलर!

ज्यांना कादंबरी कोरी वाचायची आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या. खरंच सांगतेय.

तर, मॅक्सिमचं रेबेकावर प्रेम नव्हतंच. तो तिचा द्वेष करत होता आणि तिला त्यानेच गोळी घालून, होडीत ठेवून होडी बुडवली होती. हे तो दुसऱ्या बायकोला स्वतः सांगतो. आणि ऐकून ती काय करते? किंचाळत नाही, पळत नाही, पोलिसांत जात नाही. तिच्या मनात पहिल्यांदा येतो तो सुटकेचा आनंद. ह्याने तिच्यावर कधीच प्रेम केलं नाही! त्या क्षणापासून ती त्याच्या बाजूने उभी राहते, खून लपवायला मदत करते. आपण वाचकही तिच्यासोबत देव पाण्यात ठेवून बसतो, की हा सुटू दे म्हणून. मी वाचताना तेच करत होते. पुस्तक मिटल्यावर लक्षात आलं की लेखिकेने आपल्याला कुठे आणून उभं केलंय.

आज कुणी म्हणेल, मॅक्सिम म्हणजे चालता-बोलता रेड फ्लॅग. अगदी! पण हे द्यू मॉरिएला कळलं नव्हतं असं समजू नका. कादंबरी सुरू होते तीच मुळी सगळं संपल्यावर. खून पचलेला आहे, घर गेलेलं आहे, दोघं परदेशातल्या हॉटेलांमध्ये दिवस काढतायत. ती त्याला जुन्या इंग्रजी पेपरांतल्या क्रिकेटच्या बातम्या वाचून दाखवते. त्याला कशाने मँडर्लीची आठवण येणार नाही ना, एवढं सांभाळते. हा त्यांचा ‘आणि मग ते सुखाने राहू लागले’! प्रेमकथा म्हणून वाचणाऱ्यांच्या हे पहिल्याच प्रकरणांत समोर होतं.

आणि ज्याची दखल परीक्षणांनी नीट घेतली नाही ती कुणी घेतली माहितीये? सेन्सॉरने. आल्फ्रेड हिचकॉकने १९४० मध्ये ‘रेबेका’वर सिनेमा केला, जोन फाँटेन आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांना घेऊन. तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेनुसार खुनी शिक्षेशिवाय सुटलेला दाखवता येत नसे. म्हणून सिनेमात रेबेका झटापटीत पडून, डोकं आपटून मरते. खुनाचा अपघात झाला आणि मॅक्सिम आपोआप बिचारा झाला. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पुस्तक न वाचलेल्या लाखो लोकांच्या डोक्यात ‘रेबेका’ म्हणजे हीच सौम्य केलेली गोष्ट बसली. (स्पॉयलर संपले. या परत.)

एक आणखी किस्सा. ज्या गोष्टीत विशेष काही नाही असं ‘टाइम्स’ म्हणाला होता, ती आपली असल्याचं सांगायलाही लोक पुढे आले. ब्राझीलमध्ये कॅरोलिना नाबुको यांच्या १९३४ च्या कादंबरीशी ‘रेबेका’चं साम्य दाखवलं गेलं. तिथेही दुसरी बायको आणि घरभर पहिलीची सावली. द्यू मॉरिए आणि तिच्या प्रकाशकांनी उचलेगिरीचा आरोप नाकारला. अमेरिकेत दुसऱ्याच एका कादंबरीवरून खटला झाला, त्यासाठी १९४७ मध्ये तिला न्यूयॉर्कला जाऊन साक्ष द्यावी लागली. खटला फेटाळला गेला. पण ज्या आठवणींवर पुस्तक उभं होतं त्या नवऱ्याच्या जुन्या नात्यापर्यंत पोचणाऱ्या होत्या. अशा बाईला भर कोर्टात ‘तुम्हाला हे सुचलं कसं’ याचा हिशेब द्यावा लागणं म्हणजे काय, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

आपल्याकडे ही गोष्ट १९६४ मध्ये आली, ‘कोहरा’ बनून. दिग्दर्शक बिरेन नाग, निर्माते आणि संगीतकार हेमंत कुमार, दोघंही ‘बीस साल बाद’वाले. नव्या नवरीच्या भूमिकेत वहिदा रेहमान. पण बघायचा तो ललिता पवारांसाठी. येवल्यात जन्मलेल्या ह्या बाईंना आपण खाष्ट सासू म्हणून गृहीत धरून टाकलंय. इथे त्या मिसेस डॅनव्हर्सच्या जागची दाईमाँ आहेत आणि नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी खोली गार पडते. ब्लॅक अँड व्हाइट बघायचा कंटाळा असेल तरी एकदा बघाच.

इंग्लंडमध्ये मात्र पुस्तकाकडे बघायची नजर हळूहळू बदलत गेली. स्त्रियांच्या लेखनाला हक्काची जागा देणाऱ्या ‘विरागो’ प्रकाशनाने ‘रेबेका’ आपल्या क्लासिक्सच्या मालिकेत घेतली. त्यासाठी लेखिका सॅली बोमन यांनी टिपण लिहिलं. आधी २००१ मध्ये त्यांनी ‘रेबेकाज टेल’ ही कादंबरी लिहून मेलेल्या रेबेकाची बाजूही मांडली होती. वाईट बायको, वाईट बायको म्हणतात, पण हे सांगतंय कोण? नवराच ना! हा प्रश्न आता वाचक विचारायला लागलेत.

आणि मग ऑक्टोबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर नवा ‘रेबेका’ आला. लिली जेम्स, आर्मी हॅमर, चकाचक समुद्रकिनारे, पिवळे सूट. पहिल्याच आठवड्यात परीक्षणं आली आणि बऱ्याच जणांची तक्रार अशी की हा फारच गोड झालाय, ह्यात ती काळोखी, ती भीतीच नाही. म्हणजे १९३८ मध्ये नुसतीच प्रेमकथा आहे म्हणून पुस्तकाला नाकं मुरडली आणि ८२ वर्षांनी नुसतीच प्रेमकथा केली म्हणून सिनेमाला!

वाचणार असाल तर तिन्ही सिनेमे नंतर बघा. सुरुवातीची ५०-६० पानं संथ आहेत, मुलगी इतकी बावळट का वागते म्हणून चिडचिडही होईल. मँडर्लीच्या दारापर्यंत कळ काढा. तिथे काळ्या कपड्यांतली एक उंच, हाडकुळी बाई नोकरांच्या रांगेतून पुढे येईल आणि थंडगार हात पुढे करेल. तिथून पुस्तक खाली ठेवता येतंय का बघा.