नानकटाई
नानकटाई हा मैदा, तूप व पिठीसाखर यांपासून केला जाणारा खुसखुशीत गोड पदार्थ आहे. 'नान' या फारसी शब्दाचा अर्थ रोटी असा आहे. पदार्थाचा उगम सुरत येथे झाल्याचे सामान्यतः मानले जाते. महाराष्ट्रात तो दिवाळीत व उन्हाळी सुट्टीत केला जातो. त्यात अंडे लागत नसल्याने शाकाहारी घरांतही तो रुळला.

कृती
तूप व पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसून त्यात मैदा, थोडा रवा किंवा बेसन, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलची पूड मिसळतात. तूप पिठाच्या कणांना वेढते व ग्लुटेनचे धागे जुळू देत नाही. म्हणून पदार्थ खुसखुशीत होतो. पीठ फार मळल्यास तो कडक होतो. गोळ्यांवर बदाम, पिस्ते किंवा काजू दाबून बसवतात. काही जण मध्यभागी खळगा करून जॅम भरतात. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर-पाचगणी परिसर स्ट्रॉबेरीच्या जॅमसाठी प्रसिद्ध आहे. सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअस तापमानाला १५ ते २० मिनिटे भाजतात. गरम असताना नानकटाई मऊ लागते. निवल्यावर ती घट्ट होते.

भट्टीची प्रथा
घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी कुटुंबे साहित्य डब्यांत भरून बेकरीत नेत आणि मजुरी देऊन नानकटाई भाजून आणत. ओव्हनच्या प्रसारानंतर ही प्रथा कमी झाली आहे.