वाइनच्या गावात दोघांची सुट्टी: रूम विकू नका, दोन दिवस आखून द्या



"सर, ट्रॅव्हलचा छोटा धंदा सुरू करायचाय, पण आता सगळे मोबाईलवर स्वतःच बुक करतात. मग आपल्याकडे कोण येणार?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. प्रश्न बरोबर आहे. रूम बुक करून देण्याचे पैसे आता कुणी देत नाही. पण दोन दिवस नीट आखून देण्याचे पैसे लोक आजही देतात. आज एकच उदाहरण घेऊ आणि ते मुळापर्यंत सोलू: नवरा-बायकोसाठी नाशिकच्या द्राक्षमळ्यांत दोन दिवसांची सुट्टी.

नाशिकच का?

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री चांगलीच थंडी. हा फरक वाइनच्या द्राक्षाला मानवतो. खायची द्राक्षं इथे आधीपासून होतीच. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूरला वाइन पार्क झालं. त्यानंतर वाइनरी पाहायला पर्यटक येऊ लागले. त्यांच्या मागोमाग हॉटेल, गाड्या, मिसळीच्या बागा असा सगळा जोडधंदा उभा राहिला. आपल्याला याच जोडधंद्यात जागा शोधायची आहे.

पहिली गोष्ट: ग्राहक एक नाही, दोन आहेत

फोन बहुतेक वेळा एकाचाच येतो. "लग्नाचा दहावा वाढदिवस आहे, काहीतरी मस्त करा." आपण त्याच्याशीच बोलतो, त्याला आवडेल तेच ठरवतो. आणि जी व्यक्ती फोनवर नव्हती, तिचाच मूड दोन दिवसांत जातो.

आपल्याकडे जोडप्यातला एकजण वाइन घेतच नाही, असं सर्रास असतं. कधी नवरा घेत नाही, कधी बायको. मग तीन वाइनरींचं तीन-तीन तासांचं टेस्टिंग ठेवलं तर दुसऱ्याने काय करायचं? फोटो काढत बसायचं? म्हणून बुकिंगच्या आधी दोघांशीही बोला, शक्य झालं तर वेगवेगळं. हे पाच प्रश्न लिहून ठेवा:

१. दोघंही वाइन घेता का? पहिल्यांदाच चाखणार आहात का?
२. जेवण शाकाहारी की मांसाहारी? कुणाचा उपवास आहे का?
३. त्र्यंबकेश्वरला जायचंय का?
४. सकाळी लवकर उठणारे की उशिरा?
५. या दोन दिवसांत कोणती एक गोष्ट झालीच पाहिजे?

पाचवा प्रश्न सगळ्यात मोलाचा. एकजण म्हणेल, "धरणाच्या काठावर सूर्यास्त बघायचाय." दुसरी म्हणेल, "मला दोन दिवस स्वयंपाकाचा विचारही करायचा नाही." ही दोन वाक्यं हातात आली की अर्धा प्लॅन झालाच.

देवदर्शनाचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. घरी "नाशिकला जातोय" म्हटलं की सासूबाई त्र्यंबकचा प्रसाद आणायला सांगणारच. दर्शन सकाळी आणि टेस्टिंग नंतर, हा क्रम बहुतेकांना चालतो. काहींना दोन्ही एका दिवशी नकोच असतं. तुमचं मत सांगू नका, फक्त विचारा आणि तसं आखा.

दुसरी गोष्ट: कॅलेंडर

युरोपात द्राक्षांची काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. नाशिकला मात्र जानेवारी ते मार्च. आपल्या हवेत वेल थंडीत झोपी जात नाही, म्हणून शेतकरी वर्षात दोनदा छाटणी करतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फळ धरतं ते या दुसऱ्या छाटणीनंतर.

आता याचा धंद्याशी संबंध बघा. ग्राहकाने फोटोत घडांनी लगडलेले वेल पाहिलेले असतात. तो जुलैत आला तर घड दिसणार नाहीत. डोंगर हिरवे, धबधबे सुरू, गंगापूर धरणाचं पाणी सुंदर, पण घड नाहीत. हे बुकिंगच्या आधीच सांगा. "पावसाळ्यात द्राक्षं नसतात, निसर्ग असतो. द्राक्षं बघायची असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत या." असं स्पष्ट सांगितल्याने एखादं बुकिंग पुढे जाईल, पण ग्राहक तुमचाच राहील.

ड्राय डे तपासायला विसरू नका. २६ जानेवारी आणि २ ऑक्टोबरला जोडून सुट्टी आली की लोक धडाधड बुकिंग करतात, आणि नेमका त्याच दिवशी ग्लास रिकामा! निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही त्या भागात दारूबंदी असते. शिवाय २०२६-२७ हा नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ काळ आहे. मोठ्या स्नानाच्या तारखांच्या आसपास खोल्या, रस्ते, गाड्या सगळ्यावर ताण येणार. त्या तारखा आत्ताच डायरीत लाल पेनाने लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट: नकाशा

नवखा प्लॅनर यादी बनवतो: सुला, यॉर्क, सोमा, शँडन, व्हॅलोने, ग्रोव्हर झाम्पा. नावं भारी, पण नकाशावर बोट ठेवून बघा. सुला, यॉर्क आणि सोमा गंगापूर धरणाच्या बाजूला, शहराच्या पश्चिमेला. शँडन दिंडोरीत, उत्तरेकडे. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा इगतपुरी तालुक्यात, सांजेगाव परिसरात, म्हणजे मुंबईच्या दिशेला. विंचूर पार पूर्वेला. हे सगळं एका दिवसात कोंबलं तर जोडपं सुट्टीभर गाडीतच बसेल.

मुंबईहून येणाऱ्या जोडप्यासाठी मी असा ढाचा सुचवेन:

पहिला दिवस: सकाळच्या ट्रेनने नाशिकरोड. मिसळ. खोली सहसा दुपारशिवाय मिळत नाही, म्हणून बॅगा हॉटेलवर ठेवून पांडवलेणी. दुपारी जेवण, खोलीत दोन तास आराम. साडेतीन-चारला गंगापूर बाजूच्या एकाच वाइनरीत टूर आणि टेस्टिंग. सूर्यास्त धरणाच्या बाजूला. रात्रीचं जेवण जवळच.

दुसरा दिवस: हवं असेल तर पहाटे त्र्यंबकेश्वर, नाहीतर निवांत नाश्ता. मग सामान घेऊन इगतपुरीच्या दिशेला. सांजेगाव परिसरात दुपारचं जेवण आणि छोटं टेस्टिंग. तिथून परत उलटं नाशिकला यायचं नाही, सरळ मुंबईकडे.

दोन दिवसांत दोनच वाइनरी. ग्राहक म्हणेल, "एवढंच?" त्याला समजावून सांगा. एका टेस्टिंगमध्ये चार-पाच वाइन असतात. आधी स्पार्कलिंग, मग पांढरी, मग लाल, शेवटी गोड, असा साधारण क्रम. दिवसातून दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर जीभ आणि डोकं दोन्ही थकतात. आणि प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असं नाही, चाखून थुंकायलाही भांडं ठेवलेलं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे माहीत नसतं आणि विचारायला लाज वाटते. व्हॉट्सॲपवर चार ओळींत आधीच पाठवा. इथेच तुमची किंमत वसूल होते.

चौथी गोष्ट: गाडी, इथे तडजोड नाही

"आम्ही आमच्या गाडीने येतो, मी थोडीच घेणार आहे." हे वाक्य ऐकलं की थांबायचं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्यापुढे पहिल्याच गुन्ह्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते दोघं घरी मुलांना ठेवून आलेले असतात. त्यामुळे ड्रायव्हरशिवाय टेस्टिंगचा प्लॅन करायचाच नाही. ग्राहक गेला तरी चालेल.

स्वस्तात पडावं म्हणून मित्राची पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने लावू नका. खासगी गाडी भाड्याने चालवणं नियमाविरुद्ध आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळी प्लेट, परमिट, चालू विमा, तिन्हींचे फोटो तुमच्याकडे हवेत.

वाइनच्या बाटल्या स्वतः विकत घेऊन पॅकेजमध्ये विकायच्या नाहीत. दारू विकायला परवाना लागतो. ग्राहकाने बाटली थेट वाइनरीत, स्वतः, बिल घेऊन घ्यावी.

पाचवी गोष्ट: हिशोब

आता कागद-पेन घ्या. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमचे चालू भाव टाका.

समजा खोली नाश्त्यासह ९,०००, गाडी दोन दिवस ६,०००, दोन ठिकाणची टूर-टेस्टिंग मिळून २,०००. एकूण १७,०००. बहुतेक जण यावर दहा टक्के लावतात: १,७००. त्यातून फोन, छापील कार्ड, खोलीतली फुलं असे ५०० गेले. उरले १,२००. वेळ किती गेला? दोघांशी बोलणं, बुकिंग, ड्रायव्हरशी समन्वय, दोन दिवस फोनवर हजर राहणं. आठ तास धरा. म्हणजे तासाला १५० रुपये. आणि टेन्शन फुकट!

आता टक्केवारी सोडा, ठरावीक प्लॅनिंग फी घ्या. समजा ३,५००. तेच ५०० वजा केले की ३,००० उरतात, तासाला ३७५. पण खरा फायदा वेगळाच आहे. टक्केवारीत महागडी खोली गळ्यात मारण्याचा मोह होतो. ठरावीक फीमध्ये तो राहत नाही. ग्राहकाला तुम्ही बिनधास्त सांगू शकता, "ही महाग खोली नको, पैसे जेवणावर खर्च करा." असं सांगणारा माणूस लोक मित्रांना सुचवतात.

खोलीचे पैसे शक्यतो ग्राहकालाच थेट हॉटेलला भरू द्या. सगळे पैसे तुमच्या खात्यातून फिरले तर उलाढाल फुगते, आणि सेवा व्यवसायात साधारण २० लाखांपुढे जीएसटी नोंदणी येते. तुमची फी आणि ग्राहकाचा खर्च कागदावर कसा वेगळा दाखवायचा, हे पहिल्या बुकिंगआधीच सीएकडून समजून घ्या. आणि लेखी द्या: प्लॅनिंग फी परत मिळणार नाही, खोली आणि गाडी रद्द करण्याचे नियम त्या-त्या मालकाचे. तोंडी ठरलेलं रद्द करताना कुणालाच आठवत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीतलं एक जोडपं निवडा. शक्यतो असं, जे स्वतः दुकान चालवतं आणि दोन वर्षांत कुठे गेलेलं नाही. पाच प्रश्न दोघांना वेगवेगळे विचारा आणि एका पानात दोन दिवस आखून द्या. पैसे मागू नका. परत आल्यावर एवढंच विचारा: "कुठला तास कंटाळवाणा गेला?" मिळालेल्या उत्तराप्रमाणे पान सुधारा, मग दुसऱ्या जोडप्याला फी सांगा.

नाशिकच्या जागी तुमचं महाबळेश्वर, तारकर्ली किंवा ताडोबा ठेवा. दोन ग्राहक, कॅलेंडर, नकाशा, गाडी, हिशोब हे पाच मुद्दे तसेच राहतील. तुमचं एक पान तयार झालं की व्हिडिओखाली गावाचं नाव लिहा. निवडक पानांचा हिशोब पुढच्या भागात सगळ्यांसमोर तपासू.

चला, लागा कामाला!